माशीचा स्वभाव: थोडा आईचा, थोडा बापांचा, थोडा आपल्या हातचा

मधपेटीचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. मध किती मिळेल, पेटी कितीला पडेल, हे नंतर. आधी विचारतात, "चावतात त्याचं काय?" प्रश्न खरा आहे. आपली पेटी काही माळरानावर नसते. ती परसात असते, नारळ-सुपारीच्या वाडीत असते. तिथेच पोरे खेळतात, गुरे बांधलेली असतात, शेजारची आजी पाणी भरायला येते. म्हणून आज माशीच्या स्वभावाबद्दलच बोलू. शांत माशी कोणती, रागीट कोणती, तो स्वभाव येतो कुठून आणि आपल्याला तो बदलता येतो का?

आधी आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या गटाकडे सातेरी माश्यांच्या सहा पेट्या आहेत. पाच पेट्या गुणी. सकाळी झाकण काढून चौकट उचलली तरी माश्या आपले काम करत राहतात. सहावी पेटी मात्र जवळ गेले की गुणगुणायला लागायची. झाकणाला हात लावला की दहा-बारा माश्या थेट तोंडावर. पेटी बंद करून घराच्या पडवीपर्यंत आलो तरी दोन-चार मागे असायच्याच. एके दिवशी वाडीत पडलेली सुपारी वेचताना शेजारच्या मुलाला चार ठिकाणी डंख झाला. त्याची आजी अंगणात येऊन म्हणाली, "पेटी हलवा, नाहीतर मी रॉकेल ओतते." तिचे काही चुकले नव्हते. पण त्या दिवशी आमच्यासमोर प्रश्न उभा राहिला: ही एक पेटी जाळायची, दुसऱ्या गावाला विकून टाकायची, की पेट्यांचा नादच सोडायचा?

आम्ही यातले काहीच केले नाही. काय केले ते सांगतो, पण त्याआधी माश्यांची ओळख करून घेऊ.

कोणती माशी कशी

आपल्या किनाऱ्यावर मध करणाऱ्या माश्या मुख्यतः चार प्रकारच्या दिसतात. पहिली आग्या. उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीला, कड्याला एकच मोठे पोळे उघड्यावर लटकते. आग्याला पेटीत कोंडता येत नाही. तिला छेडले तर शेकडो माश्या लांबपर्यंत पाठलाग करतात. पण ती उगाच अंगावर येत नाही. पोळ्यावर माश्या पोटे वर करून लाटेसारखी थरथर उठवतात. ती गांधीलमाशीसारख्या शत्रूला दिलेली ताकीद असते. ती लाट दिसली की आपणही मागे सरावे. दुसरी फुलोरी. झुडपात हाताच्या पंजाएवढे छोटेसे पोळे करते. ती सौम्य असते, पण मध जेमतेम. तिसरी पोयाची माशी. डासाएवढी बारीक, भिंतीच्या फटीत राहते, तिला नांगीच नसते. मध थोडा आणि आंबटसर.

चौथी आपली सातेरी. झाडाच्या ढोलीत, दगडी गडग्यात, अंधाऱ्या जागी एकापुढे एक अशी सात-आठ पोळी बांधते. अंधारात राहते म्हणूनच ती पेटीत नांदते. किनाऱ्याकडची सातेरी अंगाने लहान आणि पिवळसर. डोंगराळ, थंड भागातली सातेरी थोडी मोठी आणि काळसर. काश्मीरची तर आणखी मोठी. सातेरी मुळात सौम्य, पण घाबरट. चौकट उचलली की पोळ्यावर पळापळ करते. फार त्रास झाला, खायला नसले, मुंग्या आल्या, तर चावत बसत नाही, सरळ घर सोडून जाते.

बाहेरून आलेली पाचवी माशी म्हणजे मेलिफेरा. हिला कोणी युरोपियन म्हणतात, कोणी इटालियन. १९६०च्या दशकात आज हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोट्यात ती आपल्या देशात रुजवली गेली. तिची इटालियन जात शांतपणाबद्दल जगभर प्रसिद्ध आहे. सातेरीच्या पेटीतून वर्षाला सहा-आठ किलो मध धरतात, तर मेलिफेराकडून पंचवीस-चाळीस किलो. आकडा ऐकून मोह होतो. पण तेवढा मध मिळवायला पेट्या गाडीत घालून मोहरी, सूर्यफूल अशा शेतांमागे फिरावे लागते. आपल्याकडे चार महिने धो-धो पाऊस. त्या काळात मोठ्या वसाहतीला साखरपाक पुरवत बसावे लागते. शिवाय अंगावरच्या माइट किडीचा त्रास मेलिफेराला जास्त. सातेरी एकमेकींचे अंग साफ करून ती कीड बऱ्यापैकी आटोक्यात ठेवते. म्हणून परसातल्या दोन-चार पेट्यांसाठी आम्हाला आपली सातेरीच बरी वाटते. तिच्यात शांत वसाहती निवडायच्या, हाच सोपा मार्ग.

एकाच जातीत इतका फरक कसा

शांतपणा जातीवर असतो हे खरे, पण एकाच जातीतल्या दोन पेट्यांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. आमच्या सहाही पेट्या सातेरीच्याच होत्या.

पेटीत हजारो कामकरी माश्या असतात. त्या सगळ्या एकाच राणीच्या मुली. म्हणजे आई एक. पण बाप अनेक. तरुण राणी आयुष्याच्या सुरुवातीला हवेत उडते आणि दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त नरांशी मीलन करून परतते. ते बीज ती पोटात साठवते आणि जन्मभर त्यावर अंडी घालते. त्यामुळे एका पेटीत बऱ्याच जणी सावत्र बहिणी. कोणी शांत बापाची, कोणी तापट बापाची. आणि एक गंमत ऐका. नर माशी फळलेल्या अंड्यातून येत नाही. म्हणजे नराला बाप नसतो, सगळा गुण आईचाच. शांत राणीच्या पेटीतले नर शांतपणाच घेऊन उडतात, रागीट राणीच्या पेटीतले नर रागच घेऊन उडतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता राग येतो कसा? दारावर पहारेकरी माश्या असतात. धोका वाटला की त्या नांगी उघडून एक वास सोडतात. त्या वासात पिकलेल्या केळ्यासारखा वास देणारे एक द्रव्य असते. वास पसरला की बाकीच्या बाहेर येतात. डंख झाला की त्या जागी तोच वास लागून राहतो, म्हणून एकीने चावल्यावर दुसरीही तिथेच येते. काही वसाहतींत हा वास पकडून धावणाऱ्या माश्या कमी असतात, काहींत खूप. हा फरक रक्तातला. केळे खाऊन, हाताला वास ठेवून पेटीशी जाऊ नये असे प्रशिक्षणात सांगतात, त्याचे कारण हेच.

आधी पेटीचे दुखणे बघा

पण प्रत्येक रागीट पेटी रक्तानेच रागीट असते असे नाही. घरात धान्य नसले, सासूचे दुखत असले, तर सूनही चिडचिडी होते. तसेच हेही. पेटी तापट झाली की आधी इतक्या गोष्टी तपासा.

पेटीत मध आहे का? पावसात फुलोरा नसतो, तेव्हा उपाशी वसाहत चिडते. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे का, की मुंग्या चढल्यात? पोळ्यात मेणकिडा शिरलाय का? दुसऱ्या पेटीच्या माश्या मध लुटायला येतात का? राणी आहे का? अंडी दिसत नसतील तर राणी गेलेली असू शकते, आणि बिनराणीची पेटी बेचैन असते. पेटी पायवाटेत, गोठ्याच्या तोंडाशी, रोज धक्का लागेल अशी आहे का?

आणि मग आपले हात. ढगाळ, पावसाळी हवेत, भर उन्हात, संध्याकाळी उशिरा पेटी उघडू नये. सकाळी ऊन आल्यावर, बऱ्याच माश्या बाहेर गेलेल्या असताना उघडावी. डोक्यातला गजरा काढून ठेवावा, अत्तर-पावडर नको, कपडे फिकट रंगाचे, सुती, केस बांधलेले. सुक्या सोडणाचा किंवा गोवरीचा थोडा गार धूर द्यावा. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या पोटभर मध प्यायला लागतात. धूर मात्र दोन-तीन फुंका पुरे. जास्त दिला तर सातेरी पळून जाते. उभे राहायचे ते पेटीच्या बाजूला, दारासमोर नाही. चौकट झटक्याने ओढायची नाही आणि एकही माशी चिरडायची नाही, कारण चिरडलेली माशी तोच वास सोडते.

आम्ही त्या सहाव्या पेटीचे हे सगळे पाहिले. मुंग्या होत्या, त्या काढल्या. पेटी पायवाटेपासून दूर, कुंपणाकडे तोंड करून ठेवली. तेही एकाच रात्रीत नाही, रोज हात-दोन हात सरकवत नेली, नाहीतर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात. थोडा फरक पडला, पण पडवीपर्यंत पाठलाग चालूच राहिला.

स्वभावाची वही

मग आम्ही वही घातली. बचत गटाची वही आपण ठेवतोच, तशीच ही. प्रत्येक पेटीला नंबर. पेटी उघडली की चार गोष्टी लिहायच्या: तोंडावर किती माश्या आल्या, चौकटीवर माश्या स्थिर राहिल्या की पळाल्या, कपड्यात किती नांग्या रुतल्या, बंद केल्यावर किती पावलांपर्यंत मागे आल्या. सगळ्यात शांत पेटीला पाच गुण, सगळ्यात तापट पेटीला एक. सहाही पेट्या एकाच सकाळी, एकीनेच बघायच्या, म्हणजे तुलना खरी होते. आणि एकदा बघून निकाल द्यायचा नाही. तीन वेगवेगळ्या वेळी बघायचे.

त्याच वहीत आणखी तीन रकाने ठेवा: मध किती, रोग आहे का, घर सोडून गेली का. कारण नुसता शांतपणा बघून चालत नाही. बऱ्याच जणी म्हणतात, "रागीट माशी कामाला दांडगी, मध जास्त देते." आमच्या वहीत तसे काही दिसले नाही. सगळ्यात जास्त मध आमच्या दोन नंबरच्या शांत पेटीने दिला. आणि शांत माशी म्हणजे दुबळी असेही नाही. गांधीलमाशी दाराशी आली की सातेरीच्या माश्या तिच्याभोवती गोळा करून, अंग थरथरवून उष्णतेनेच तिला मारतात. आपल्याशी सौम्य आणि शत्रूशी खंबीर, असे दोन्ही एका घरात असू शकते.

राणी बदलली की घर बदलते

तीन वेळा एकच गुण मिळालेल्या तापट पेटीवर एकच उपाय: राणी बदलणे. कामकरी माशी धामधुमीच्या काळात पाच-सहा आठवडे जगते. राणी नवी आली की तिची पिल्ले तीन आठवड्यांत बाहेर पडू लागतात आणि जुन्या माश्या हळूहळू संपतात. दोन-अडीच महिन्यांत घरातली जवळजवळ सगळी माणसे नवी. पेटी तीच, चौकटी त्याच, स्वभाव वेगळा.

हे काम पावसाळा सरून रानात फुलोरा वाढला, पेट्या भरल्या आणि नर दिसू लागले की करायचे. नर नसताना नवी राणी फळणार नाही. शांत पेटी भरली की पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लटकतात. तोंड बंद झालेले एक राणीघर पोळ्याच्या तुकड्यासकट हलकेच कापायचे. तापट पेटीतली राणी आदल्या दिवशी काढायची आणि हे राणीघर मधल्या चौकटीला अडकवायचे. त्या पेटीने स्वतःची राणीघरे केली असतील तर ती सगळी शोधून मोडायची, नाहीतर तापट आईचीच मुलगी गादीवर बसेल. उशीरही करायचा नाही. सातेरीत राणी फार दिवस नसली तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात आणि त्यातून नुसते नर निघून पेटी बसते. पहिल्यांदा हे जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करा. आम्हीही तसेच केले. महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. दोन्हीकडे प्रशिक्षण मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या घराघरांत पेट्या आहेत. गटाची सहल काढायची असेल तर ते बघण्यासारखे आहे.

आमच्या सहाव्या पेटीत दोन नंबरची मुलगी बसली. दोन महिन्यांनी त्याच शेजारच्या आजी कुंपणाशी उभ्या राहून पेटी उघडताना बघत होत्या.

मग पुन्हा बिघडले कुठे

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढच्या वर्षी त्या पेटीने आपली राणी बदलली आणि स्वभाव पुन्हा थोडा तापट झाला. पाचातले तीन गुण. आम्ही बुचकळ्यात पडलो. मग नरांचा हिशेब लक्षात आला. आई शांत होती, पण ती मुलगी उडाली तेव्हा हवेत नर कोणाचे होते? वरच्या आळीतल्या एका घराने दोन पेट्या ठेवल्या होत्या, दोन्ही तापट. त्या घराने कधी तक्रार केली नव्हती, कारण पेट्या वाडीच्या टोकाला होत्या. त्यांचे नर मात्र आमच्या राण्यांपर्यंत येत होते.

नरांनी काय होते याचे मोठे उदाहरण ब्राझील देशाचे. १९५६ मध्ये तिथे आफ्रिकेतून राण्या आणल्या, गरम हवेत जास्त मध देणारी माशी तयार व्हावी म्हणून. १९५७ मध्ये त्यातल्या २६ वसाहतींच्या राण्या माश्यांसह निसटल्या. पुढे तो तापट स्वभाव पसरत पसरत १९९० मध्ये अमेरिकेच्या टेक्सासपर्यंत पोहोचला. एका देशातली चूक अनेक देशांच्या अंगणात गेली. पण याच माश्या पोर्तो रिको नावाच्या बेटावर गेल्या आणि तिथे काही वर्षांत बऱ्याच शांत झाल्या. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की, बेट लहान, वस्ती दाट, लोकांनी तापट वसाहती काढून टाकल्या आणि शांत तेवढ्या राहिल्या. म्हणजे स्वभाव पसरतोही आणि सुधारतोही. फक्त सगळ्यांचे हात लागावे लागतात.

म्हणून आता आमच्या गावात ठरले आहे. पेटी कोणाचीही असो, वही एक. वरच्या आळीच्या त्या दोन पेट्यांनाही आम्ही शांत पेटीची राणीघरे दिली, पैसे न घेता. तो उपकार नव्हता, आपल्याच राण्यांची सोय होती. नवी वसाहत वाढवायची ती चार-पाच गुणांच्या पेटीतूनच. शांत पेटीत नर भरपूर होऊ द्यायचे, त्यांना आयतोबा म्हणून मारायचे नाही.

रानातल्या सातेरीचे नरही हवेत असतात. त्यावर आपला ताबा नाही, पण म्हणून ती पोळी जाळायची नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्याकडे किती जुनी झाडे पडली ते आपण पाहिले. ढोलीचे झाड गेले की सातेरीचे घर गेले. आंबा, नारळ, भोपळा, दोडकी, बियाण्याला ठेवलेला कांदा, या सगळ्यांना माशी लागते. आग्याचे पोळेही मशाल लावून जाळू नये. जाणते कातकरी बांधव मध काढतात त्यांना विनंती करावी की फक्त मधाचा भाग कापा, पिल्लांचा भाग राहू द्या.

आणि शांत म्हणून लांबून पेट्या मागवण्याआधी विचार करा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सातेरीच्या पिल्लांचा थाई सॅकब्रूड नावाचा रोग दक्षिणेत पसरला आणि केरळातल्या बहुतेक पेट्या रिकाम्या झाल्या. पेटीबरोबर रोगही प्रवास करतो. जवळची, तपासलेली, आपल्या हवेत वाढलेली वसाहत बरी.

डंख झालाच तर

कितीही शांत माशी असली तरी कधीतरी चावणारच. तेव्हा हात झटकू नका, माशी मारू नका. तोंड झाकून शांतपणे दूर, घरात जा. नांगी रुतली असेल तर नखाने लगेच खरवडून काढा, कारण तिच्यासोबत आलेली विषाची पिशवी आत विष सोडत राहते. जागा धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. सूज, खाज एक-दोन दिवस राहते. पण श्वास लागला, ओठ-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, उलटी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा, लगेच दवाखान्यात न्या. खूप माश्या चावल्या असतील, विशेषतः मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला, तरीही तसेच. आणि आधी कधी असा त्रास झाला असेल त्या ताईने पेटीचे काम करू नये. वही लिहावी, मध भरावा, विक्री बघावी. गटात कामे पुष्कळ असतात.

या महिन्यात एवढेच करा. गटात जेवढ्या पेट्या आहेत त्यांना नंबर घाला, चार रकान्यांची वही घाला आणि एका कोरड्या सकाळी पहिले गुण द्या. शेजारच्या आळीत कोणाकडे पेटी असेल तर त्या घरालाही बोलवा. तुमच्या वहीत काय निघते ते आम्हाला जरूर कळवा.